मावशी, ताट कुठे ठेवू?

शनिवारी रात्री दहा-साडेदहाला कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या अंगात वारा-पाऊस अडवणारे जाकीट असते, कपाळावर बॅटरी, कमरेला पट्टा, पट्ट्याला कडी आणि त्या कडीत अडकवलेली आणखी एक कडी, जिचा उपयोग अद्याप कोणालाच सापडलेला नाही. हा गडी थोडा वेळ तंबूत आडवा होऊन मध्यरात्रीनंतर महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे शिखर अंधारात चढणार असतो. त्यासाठी त्याने महिनाभर लिफ्ट टाळून दम वाढवलेला असतो. पिठलं-भाकरी, ठेचा आणि तिसऱ्यांदा मागून घेतलेला भात संपवून तो उठतो, खरकटे ताट पूजेच्या तबकासारखे दोन्ही हातांत धरतो आणि घरधनिणीला अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘मावशी, ताट कुठे ठेवू?’

नम्रतेबद्दल तक्रार नाही. कोणी ताट जागेवरच टाकून उठतात, त्यांच्यापेक्षा हा बरा. पण प्रश्न नीट ऐका. ताट ठेवायचेच असते, हे त्याने धरून चाललेले आहे. राहिला प्रश्न फक्त जागेचा. त्याच्या माहितीप्रमाणे ताट कुठेतरी ठेवले की सकाळी ते आपोआप लखलखीत होऊन, कांदेपोहे घेऊन परत येते. घरी तसेच होते. लहानपणापासून होत आलेले आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहते आणि ताट आपले आपण स्वच्छ होते.

मावशी म्हणतात, ‘ठेव तिकडं.’ तिकडं म्हणजे भिंतीच्या कडेला, जिथे चाळीसएक ताटांचा ढीग आधीच लागलेला असतो. आमचा गडी आपले ताट त्या ढिगावर अलगद ठेवतो. घसरू नये म्हणून हाताने सारखे करतो. वर ‘थँक यू मावशी, जेवण एक नंबर’ असेही म्हणतो. माझी खात्री आहे की त्याच्या हिशेबात त्याने इथे मदत केलेली असते.

अशा सहलींची तयारी काही कमी नसते. पंधरा दिवस आधीपासून ग्रुपवर याद्या फिरतात. बॅटरी, बॅटरीचे जादा सेल, पॉवर बँक, कोरडे मोजे, ओले झाल्यावर घालायचे कोरडे मोजे, शिट्टी, ग्लुकोज, पोटदुखीची गोळी, बँडेज. कामे वाटलेली असतात. एक लीडर, एक उपलीडर, एकाकडे प्रथमोपचार, एकाकडे हिशेब, एकाकडे फोटो, एकाकडे ‘वातावरणनिर्मिती’, म्हणजे स्पीकर. सगळ्यांत मागून चालणाऱ्याला या मंडळींत स्वीपर म्हणतात; केरसुणी त्याने आयुष्यात हातात धरलेली नसते. एवढ्या सगळ्या खात्यांमध्ये ताटाचे खाते नाही. यादीच्या पहिल्या मसुद्यात ‘ताट-वाटी-पेला आपापला’ अशी एक ओळ असते. दुसऱ्या मसुद्यात ती गळते. ‘जेवणाची सोय आहे ना तिथे, उगाच वजन कशाला?’ असे कोणीतरी विचारतो आणि त्यावर अंगठेच अंगठे उमटतात.

आता हे सगळे जिच्या डोंगरावर चालते, तिची गोष्ट या मंडळींना ठाऊक नसती तर एक वेळ माफ केले असते. पण ठाऊक असते! जेवण झाल्यावर शेकोटीभोवती लीडर ती मोबाइलवरून वाचून दाखवतो. कळसू नावाची कोळ्याची पोर. रानात हिंडायची आवड. एका घरी कामाला राहिली. राहताना अट घातली की बाकी सांगाल ते करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केले. बरे चालले होते. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. तिने मुकाट्याने केले. आणि तडक डोंगर चढून गेली, ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, आणि शिखरावर तिचे देऊळ.

गोष्ट संपते. टाळ्या. एक जण म्हणतो, ‘काय पॉवरफुल स्टोरी आहे ना!’ त्याच्यामागे दहा हातांवर भिंतीकडेला चाळीस ताटांचा ढीग असतो.

अरे बाबांनो, जरा थांबून विचार करा. महाराष्ट्राच्या माथ्यावर जी देवी बसली आहे, ती कुठल्या राक्षसाचा वध करून तिथे गेलेली नाही. नोकरीच्या अटी मोडल्या म्हणून ती वर गेली आहे. घरकामगार बायकांसाठी राज्यात कायदा झाला २००८ साली. त्याच्या कैक पिढ्या आधी या पोरीने कामाला लागतानाच तोंडी करार केला होता, कुठले काम करणार नाही ते दोन कलमांत स्पष्ट सांगितले होते, आणि करार मोडताच राजीनामा दिला तोही जागचे हलून, ५,४०० फुटांवर जाऊन, जिथून परत बोलवायला यायचे तर मालकाला धाप लागेल. आज लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, वाटेत लिंबूसरबत आहे, तरी तुम्हाला धाप लागते. तिला यांतले काहीही नव्हते. एवढा रोखठोक निषेध ज्या डोंगराने जपून ठेवला, त्या डोंगराच्या पायथ्याला दर शनिवारी कळसूच्याच गावशेजारच्या बायकांपुढे खरकटी ताटे सरकवायची, आणि पहाटे वर जाऊन तिच्याच पायांवर डोके ठेवायचे. देवी काही बोलत नाही. ती तेव्हाही फार बोलली नव्हती.

मावशी नसतात तिथे तर बहारच असते. फक्त मित्रांचा कंपू, आपले तंबू, आपला शिधा, कुठल्या एजंटची भानगड नाही. समजा, पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलेली मंडळी आहेत. कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहून झाला आहे, केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून किंचाळून झाले आहे, चार खांबांपैकी एकच उरला आहे आणि तो तुटला की कलियुग संपणार, हे एकमेकांना सांगून झाले आहे. घरून ताटे आणली आहेत, कारण कोणाच्या तरी आईने ती पिशवीत बळेच कोंबली. मसालेभात होतो, पापड भाजले जातात, खाणे होते. आणि मग पातेल्याभोवती एक शांतता पसरते. हरिश्चंद्रगडाच्या शांततेबद्दल लोक भरभरून लिहितात, ती ही. प्रत्येकाच्या मांडीवर खरकटे ताट आहे आणि पहिला कोण उठतो हे प्रत्येक जण बघतो आहे. एक जण म्हणतो, आधी तारे बघू या. ज्याला आयुष्यात ध्रुवतारा ओळखता आलेला नाही, त्याला अचानक सप्तर्षींची ओढ लागते. दुसऱ्याचा गुडघा धरला आहे. दुपारपर्यंत हाच गुडघा पुढच्या खेपेला कोकणातून नळीच्या वाटेने यायच्या गोष्टी करत होता. तिसरा पर्यावरणवादी आहे. त्याचे म्हणणे, साबणाने इथले पाणी बिघडते, म्हणून घासूच नये. मग राखेने घास, म्हटल्यावर तो विचारतो, राख कुठून आणायची? दोन तास शेकोटीला टेकून बसलेला माणूस हा! चौथा म्हणतो, चिठ्ठ्या टाकू. कागद नाही. मोबाइलवर चिठ्ठ्या टाकायचे ॲप असते, पण ते उतरवून घ्यायला रेंज नाही. रेंज शोधायला तिघे कड्याच्या दिशेने निघून जातात आणि ताटांची चर्चा संपेपर्यंत परत येत नाहीत. पाचवा सुचवतो की देवळाजवळच्या पुष्करणीत नुसती बुचकळून काढू. त्याला निदान कोणीतरी गप्प बसवते, एवढी लाज शिल्लक आहे. मग सहाव्याला आठवते की आपल्यात दोन मुली आहेत. तो हे सरळ बोलत नाही, शिकलेला आहे. तो म्हणतो, ‘तुमच्या हाताला सवय असते ना, पटकन होईल. आम्ही पाणी आणून देतो की.’ मुली उठतात, आपापली ताटे घेतात, विसळतात, तंबूत जातात आणि आतून चेन ओढून घेतात. कळसूला त्यासाठी डोंगर चढावा लागला होता. या आधीच डोंगरावर होत्या.

बाहेर उरलेले वीर मग ओल्या टिश्यूंचे पाकीट काढतात. त्यांच्या भाषेत वेट वाइप्स. एका ताटाला पाच-सहा लागतात. भात वाळलेला असला तर आठ. या वाइप्सच्या धाग्यांत बहुधा प्लास्टिक असते, त्या कुजत नाहीत, हे तो पर्यावरणवादी सांगू शकला असता, पण तो एव्हाना झोपलेला असतो, किंवा तसे दाखवतो. साबणाच्या चिमटीभर फेसापासून वाचवलेल्या गडावर आता सुवासिक, कोरफडयुक्त चिंध्यांचा ढीग पडतो. सकाळी वारा सुटतो आणि त्यांतल्या काही करवंदीच्या जाळीवर जाऊन बसतात. परवा एकाने दुरून बघून विचारले, ‘ही पांढरी फुले कसली?’

पुढच्या सहलीला शहाणपण येते. ‘ताटांची कटकट नको, डिस्पोजेबल घेऊ.’ थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. म्हणून आता थर्माकोल घेत नाहीत. चांदीसारख्या चकचकणाऱ्या कागदी ताटल्या घेतात आणि त्यांना इको-फ्रेंडली म्हणतात, कारण दुकानदार तसे म्हणाला. कागदाला चकाकी कशाने आली, हे दुकानदाराला विचारायचे नसते. पूर्वी पळसाच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ असायची. जेवण झाले की ती गोठ्याशेजारी टाकत आणि तिचे पुढे काय करायचे ते शेळी ठरवायची. ही चकचकीत ताटली शेळीही हुंगून सोडून देते. मग ती शेकोटीत जाते. तिचा जो काळा, घशात बसणारा धूर निघतो त्याला टाळून मंडळी जागा बदलतात आणि गिटारवर तेच गाणे नव्या जागेवरून सुरू होते. जे जळत नाही ते सकाळी एखाद्या दगडाखाली सारतात. ताट कुठे ठेवू, हा प्रश्न इथे दगडालाच विचारलेला असतो.

‘पण वर पाणीच नसते हो,’ असे उत्तर मिळते. पाण्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात आभाळ फाटते. घाटघर, रतनवाडी, सामरद या बाजूला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ते पाणी अडवायला इंग्रजांनी भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधले, ते १९२६ साली पुरे झाले. म्हणजे ते आता शंभर वर्षांचे आहे. त्या पाण्यावर खाली राहाता-श्रीरामपूरकडे उसाचे मळे उभे राहिले, कारखाने उभे राहिले, चांगले झाले. आणि ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडतो, ज्यांच्या अंगणातून ते धरण दिसते, त्यांच्यातल्या कितीतरी वाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये हंड्यावर हंडा घेऊन उतार उतरतात आणि चढ चढतात. त्या चढाला कोणी ट्रेक म्हणत नाही, त्यासाठी पैसे भरत नाही, शिखरावर पोचल्याचे प्रमाणपत्र तर नाहीच. तुमची चाळीस ताटे त्या हंड्यातल्या पाण्याने घासली जातात, साहेब. आणि तुम्ही बाटलीतल्या विकतच्या पाण्याने बुटांचा चिखल धुता, कारण फोटोत बूट येणार असतात.

या फोटोंवरून एक घरचे गाऱ्हाणे आठवले, तेही उरकून घेतो. फोटोखाली ठिकाण काय लिहितात? मुंबईकर लिहितो, ‘इगतपुरीजवळ’. पुणेकर लिहितो, ‘नाशिक साइड’. डोंगराची एक बाजू इगतपुरी तालुक्यात उतरते हे कबूल. पण बारी आहे अकोले तालुक्यात, आणि अकोले आहे आमच्या जिल्ह्यात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, तरी राज्यातले सर्वोच्च शिखर काही आमच्या पत्त्यावर आले नाही. राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आमचा, सर्वांत उंच टोक आमचे, आणि तरी नगर म्हटले की लोकांना दुष्काळ आणि साखर कारखाने यांच्यापलीकडे काही आठवत नाही. सूर्योदय नाशिकच्या खात्यात जमा होतो. ताटे मात्र झाडून सगळी नगर जिल्ह्यात राहतात.

स्वच्छता मोहिमा निघतात, हे मला ठाऊक आहे. पत्रे पाठवू नका. तरुण मुले सुटीच्या दिवशी येतात, पोत्यांनी कचरा खाली आणतात, त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. फक्त तो ‘प्लास्टिकमुक्त गड’ लिहिलेला बॅनर फ्लेक्सचा नसावा, एवढी विनंती होती. आणि दुसरे म्हणजे, मोहिमेत दुपारचे जेवण असते. शिखरापर्यंतच्या सगळ्या ताटल्या वेचून आलेली मंडळी गावात पंगतीला बसतात, भाकरी मोडतात, हात धुतात, उठतात. पुढचा संवाद लिहायची गरज नाही.

आता त्या जाहिरातींकडे या, ज्यांच्यामुळे माझे डोके खरे फिरले. गेल्या पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर एकामागून एक येऊन पडल्या. एकूण एक जाहिरातीत ठळक अक्षरांत एक ओळ: ‘गावातल्या मावशींच्या हातची चुलीवरची गरमागरम भाकरी’. शेजारी चुलीच्या उजेडात भाकरी थापणाऱ्या बाईचा फोटो, डोळ्यांत धूर गेलेला, तो धूर छायाचित्रकाराला फार आवडलेला. तिचे नाव कुठेही नाही. तंबूच्या कंपनीचे नाव आहे, गाडी किती आसनी ते आहे, लीडरने कुठला कोर्स केला ते आहे. ती मात्र ‘मावशी’. आणि भाकरीनंतर जे होते त्याचा फोटो कधीच नाही. रात्री साडेअकराला तुम्ही तंबूत शिरून चेन लावता तेव्हा ती अंगणात बसून थंडीत हात गारठवत चाळीस ताटे, चाळीस वाट्या, दोन पातेली आणि तो खाली लागलेला भाताचा टोप घासत असते. पहाटे तुम्ही शिखरावर असता तेव्हा ती पोह्यांचे कांदे चिरत असते. तुम्ही खाली येता, पोहे खाता, ताटे पुन्हा भिंतीकडेला जातात. भाकरीचे पैसे जाहिरातीत धरलेले असतात. घासण्याचे धरले आहेत का, हे एकदा आयोजकाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. त्याच्या मते ते भाकरीतच आले. कळसूच्या घरधन्यालाही बहुधा तसेच वाटले होते.

कोणी म्हणेल, त्यांना त्यातून रोजगार मिळतो. मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. घरी जेवू घालून चार पैसे येतात, पोरांना जवळ काम मिळते, वाटाड्या म्हणून जाता येते, हे चांगलेच आहे. मग स्वयंपाकाचा दर वेगळा लावा, भांड्यांचा वेगळा लावा आणि दोन्ही रकमा थेट त्या बाईच्या हातात द्या. तिने भांडी घासायला नाही म्हटले तर नाही ऐकून घ्या. नकार द्यायचा हक्क तिला याच डोंगराने शिकवला आहे. आणि तिने होय म्हटले, तरी तुमचे स्वतःचे ताट त्यात धरू नका, कारण तुम्ही तिथे कष्ट करायलाच गेला आहात. रात्रभर जागून, काळोखात शिड्या चढून, पायांना फोड आणून घ्यायला तुम्ही पैसे मोजले आहेत. त्यात दोन मिनिटांचा कष्ट फुकट मिळतो आहे, तो का सोडता?

तेव्हा येत्या शनिवारी निघणाऱ्यांना सांगणे एवढेच. घरातले एक स्टीलचे ताट आणि एक वाटी पाठपिशवीत घाला. त्यांचे वजन कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापेक्षा कमी भरते. जेवण झाले की चुलीतली चिमूटभर राख मागून घ्या, नारळाच्या शेंडीने घासा, तांब्याभर पाण्यात विसळा, पुसून पिशवीत टाका. जमेल की नाही अशी शंका असेल तर शुक्रवारी रात्री घरी सराव करा. घरी तुमचे ताट कोण घासते हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल, तर ट्रेक पुढच्या महिन्यावर ढकला आणि आधी ते विचारून घ्या.